पकडलेल्या सैनिकाचं नाव त्याच्या घरी पोचू द्या, चेहरा छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या पेपरात परदेशाच्या पानावर एक फोटो आला होता. यादवी चालू असलेल्या देशातले पकडलेले सैनिक, दहा-बारा पोरं, उन्हात उकिडवी बसवलेली, हात मागं बांधलेले, आणि सगळ्यांचे चेहरे एकदम स्वच्छ दिसत होते. खाली एक ओळ, एवढे सैनिक शरण आले म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच फोटो आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग त्याचा व्हिडिओ, त्यात एकाला कोणीतरी दरडावून विचारतंय आणि तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटतोय, आणि त्याच्या खाली आपल्याच लोकांचे हसायचे इमोजी. मला त्या रात्री झोप आली नाही बघा. पत्र तेव्हाच लिहायला घेतलं, तीनदा अर्धं सोडलं, आता पुरं करतोय. मोठं झालंय, कापायचं असलं तर कापा पण आमच्या आप्पांचा भाग तेवढा ठेवा.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव मोहोळ तालुक्यात, तीन एकर जिरायत, दोन भावांत वाटणी, त्यामुळं आप्पा १९४९ ला फौजेत गेले. १९५३ च्या पावसाळ्याच्या शेवटाला त्यांना बोटीत घातलं आणि कोरियाला पाठवलं. लढायला नाही, कैदी सांभाळायला. आज कोरियाचं युद्ध म्हटलं की लोकांना अमेरिका आणि चीन आठवतात, पण भारताचे सहा हजाराच्या आसपास जवान तिथं थंडीत कैद्यांच्या पहाऱ्यावर उभे होते हे आपल्याकडं फार कोणाला माहीत नाही. त्या दलाचं नाव कस्टोडियन फोर्स इंडिया, आणि त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. आप्पा शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे, साहेब मराठी होते म्हणून.

हे कशासाठी गेले ते सांगतो, कारण पकडलेल्या साध्या सैनिकाचं काय होतं ते सगळं त्यातच आहे.

कोरिया एकच देश. १९४५ ला जपान हरल्यावर ३८ अंशाच्या रेषेवर त्याचे दोन तुकडे केले आणि २५ जून १९५० ला भाऊ भावावर चालून गेला. उत्तरेचं सैन्य सोलला घुसलं तेव्हा त्यांनी दक्षिणेतलीच पोरं, कॉलेजातली, दुकानात कामाला असलेली, धरून आपल्या सैन्यात घातली. पुढं तीच पोरं दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्या अमेरिकेच्या हाती लागली आणि 'उत्तर कोरियाचे कैदी' म्हणून तारेच्या आत गेली. म्हणजे सोलचा पोरगा, आईबाप सोलला, आणि हा शत्रूचा सैनिक म्हणून बंद. आता त्याला 'घरी' पाठवायचं म्हणजे कुठं पाठवायचं सांगा. नियमानं उत्तरेला.

चिनी कैद्यांचं तर याच्याहून अवघड. मी हे हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून आणि नेटवर शोधून बरंच वाचलंय, रिटायर झाल्यापासून तेच करतो. त्यातला एक साधा माणूस डोळ्यासमोर आणा. चीनच्या आतल्या भागातला शेतकऱ्याचा पोरगा. चीनमध्ये चँग कै-शेकचं सरकार आणि माओचे कम्युनिस्ट यांची यादवी चाललेली. सरकारची भरतीवाली माणसं गावात आली आणि दोरीला बांधून पोरं घेऊन गेली, त्यात हा. तिकडं भरती अशीच चालायची. मग १९४९ ला चँगचं सरकार हरून तैवान बेटावर पळालं आणि याची सगळी पलटण कम्युनिस्टांच्या हाती लागली. कम्युनिस्टांनी कैद्यांना बसवून भाषणं दिली, टोपी बदलली, बंदूक तीच ठेवली, आता तू आमचा. वर्षभरात त्याला 'स्वयंसेवक' म्हणून उत्तरेच्या बाजूनं लढायला कोरियाच्या बर्फात पाठवलं. १९५१ च्या वसंतात तिथली मोठी चढाई फसली, दाणागोटा संपला, तुकड्याच्या तुकड्या मागं कापल्या गेल्या आणि हा अमेरिकेच्या हाती लागला. दोन वर्षांत दोनदा पकडला गेला, आणि मधे एकदासुद्धा त्याला कोणी विचारलं नाही की बाबा तुला कोणाकडून लढायचंय, लढायचंय तरी का.

अशा कैद्यांना कोजे नावाच्या बेटावर ठेवलं होतं. तिथं एकूण दीड लाखावर माणसं तारेच्या आत कोंबलेली. पहारेकरी तारेच्या बाहेर, आतलं राज्य कैद्यांच्याच पुढाऱ्यांचं. एका कंपाऊंडमध्ये कम्युनिस्ट दादा, दुसऱ्यात त्यांच्या विरुद्धचे दादा. दिवसा झेंडे आणि गाणी, रात्री मारहाण, आणि जीवसुद्धा घेतले. १९५२ च्या मे महिन्यात तर कैद्यांनी कॅम्पच्या कमांडरलाच, अमेरिकन ब्रिगेडियर जनरल डॉडला, आत ओढून धरून ठेवलं होतं. चिनी कैद्यांच्या अंगावर 'कम्युनिस्टांचा विरोध' अशा अर्थाची चिनी अक्षरं गोंदली गेली. काहींनी मनानं गोंदून घेतलं, पुष्कळांना धरून गोंदलं. आप्पा सांगायचे, पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं आपल्याकडं बायका हातावर गोंदवतात तसंच काहीतरी देवाचं असेल. मग कोणीतरी अर्थ सांगितला. हे गोंदण अंगावर घेऊन घरी गेला तर तिकडं गद्दार, नाही गेला तर आयुष्यभर आईबापाचं तोंड दिसणार नाही. बिनभिंतीचा तुरुंग म्हणा ना, आणि तोही कातडीवर.

तहाची बोलणी जुलै १९५१ ला सुरू झाली होती, आणि पुढचा बराच काळ ती एकाच प्रश्नावर अडकून राहिली, की या कैद्यांचं करायचं काय. १९४९ चा जिनिव्हा करार म्हणतो लढाई थांबली की कैदी लगेच सोडा आणि परत पाठवा. चीन म्हणाला मग सगळे द्या. अमेरिका म्हणाली ज्याला जायचं नाही त्याला जबरदस्तीनं देणार नाही. दोन्हीला अर्थ आहे की. पण तेवढ्या काळात तिकडं डोंगरावर रोज माणसं मरत होती. शेवटी भारतानं तोडगा मांडला, डिसेंबर १९५२ ला संयुक्त राष्ट्रांत तो पास झाला, लगेच कोणी मानला नाही, पण २७ जुलै १९५३ च्या युद्धबंदीत त्याच धर्तीवर ठरलं. ज्यांना परत जायचं नाही असे कैदी एका तटस्थ देशाच्या ताब्यात द्यायचे आणि तिथं त्यांना शांतपणे विचारायचं. तो तटस्थ देश आपला. पाच देशांचा आयोग, अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि पहाऱ्याला थोरात साहेबांचे जवान, त्यात मोहोळ तालुक्यातले आमचे आप्पा.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ऱ्ही यांनी तर भारतीय जवानांचा पाय आपल्या जमिनीला लागू देणार नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून जवानांना इंचॉनला बोटीवरून थेट हेलिकॉप्टरनं उचलून दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. आप्पांनी तोपर्यंत हेलिकॉप्टर कधी बघितलं नव्हतं. लहानपणी आम्हाला सगळ्यात जास्त हाच भाग आवडायचा, परत परत सांगायला लावायचो. आपल्या छावणीचं नाव ठेवलं होतं हिंद नगर. आणि ताब्यात आलेले कैदी २२,६०४. त्यातले चिनी १४,७०४ आणि कोरियन ७,९००. दुसऱ्या बाजूनं, म्हणजे चीन-उत्तर कोरियाकडून घरी जायला नको म्हणणारे फक्त ३५९, त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश पण होता.

सहा हजार जवान आणि साडेबावीस हजार कैदी. आणि कैदी सुरुवातीला आपल्याच जवानांवर दगड घेऊन धावायचे, कारण त्यांना सांगून ठेवलेलं की हे भारतीय तुम्हाला कम्युनिस्टांच्या हवाली करणार. एकदा आपल्या एका मेजरला त्यांनी तारेच्या आत ओढून धरून ठेवलं, तेव्हा थोरात साहेब स्वतः त्या गर्दीत आत गेले आणि बोलून बोलून त्याला सोडवून आणलं. पुढं त्यांना त्या कामगिरीबद्दल अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले. हा विषय निघाला की आप्पा उठून बाहेर जायचे. मी मोठा झाल्यावर एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ती गोष्ट.

आप्पांची पहाटेची ड्यूटी होती. थंडी अशी की बंदुकीचं लोखंड हाताला चिकटायचं. उजाडायच्या आधी तारेवर काहीतरी हललं, आप्पांनी आवाज दिला, तर एक पोरगा काटेरी तारेवरून वर चढत होता. हाताला रक्त, अंगावरचा रुईभरला कोट तारेत अडकून फाटलेला, आतून कंपाऊंडमधली माणसं ओरडत पळत आली होती आणि त्याचा पाय धरून खाली ओढत होती. आप्पांनी आणि जोडीदारानं त्याला अलीकडं ओढला. तो आप्पांच्या दोन्ही पायांना मिठी मारून बसला, सोडीना. भाषा येत नाही. नुसतं उत्तरेकडं बोट दाखवायचा आणि छातीवर हात ठेवायचा. म्हणजे मला घरी जायचंय. वीस वर्षांचा असेल नसेल. दंडावर चिंधी बांधलेली होती आणि चिंधीखाली जिथं गोंदलं होतं तिथलं कातडं त्यानं स्वतःच कशानं तरी खरवडून काढलेलं. आप्पा म्हणायचे, "आरं, आपल्या हातानं आपलं कातडं काढलं पोरानं, घरला जायासाठी."

असे कितीतरी जण रात्री-पहाटे तारेवरून उड्या मारून आपल्या जवानांकडं आले. कारण आत कोणासमोर बोलायची सोय नव्हती. पुढाऱ्यासमोर 'मला घरी जायचंय' म्हटला की रात्री त्याची पाळी.

आणि मग आप्पा नेहमी पुढचं सांगायचे, जे मला लहानपणी कळायचं नाही. त्या पोराला ऑफिसकडं नेताना वाटेत दोन-तीन परदेशी पेपरवाले कॅमेरा घेऊन आले. तेवढा वेळ धीट असलेला पोरगा, तारेवर रक्तबंबाळ झाला तरी न रडलेला, कॅमेरा बघून थरथरायला लागला आणि फाटका कोट डोक्यावरून ओढून घेतला, आप्पांच्या मागं तोंड लपवलं. आप्पांना कळेना हा फोटोला एवढं का भितोय. जवळच्या सुभेदार साहेबांनी सांगितलं, अरे त्याचा फोटो आत गेला तर आत राहिलेल्या त्याच्या दोस्ताला मारतील, आणि बाहेर तिकडं तैवानला किंवा चीनला गेला तर अजून कुठं कुठं काय काय होईल ते त्यालाच माहीत. सुभेदार साहेबांनी पेपरवाल्यांना हात करून मागं घालवलं. आप्पांनी आपली बरसाती काढून त्याच्यावर टाकली.

साहेब, तुमच्या पानावरचा फोटो बघितला तेव्हा मला ती बरसाती आठवली.

दोन देशांच्या लढाईत पकडला गेलेला सैनिक निदान एका घरचा असतो. परत गेला तर गावात हार घालतील. यादवीत पकडला गेलेल्याला दोन्ही घरं आपलीच आणि दोन्ही घरं त्याला गद्दार म्हणायला तयार. त्याचे आईबाप बहुतेक वेळा ज्या सैन्यानं त्याला भरती केलं त्याच्याच ताब्यातल्या गावात असतात. तो कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलला, मग बंदूक मानेला लावून बोलायला लावलेले असले तरी, त्याचा हिशोब त्याच्या बापाकडून आणि बहिणीकडून घेतात. आपल्याला इथं चहा पिताना तो एक फोटो, बोटानं वर सरकवला की संपला.

कायदा सांगतो तो पण लिहितो. जिनिव्हाच्या तिसऱ्या कराराचं कलम १३, युद्धकैद्याला अपमानापासून आणि 'लोकांच्या कुतूहलापासून' जपलं पाहिजे. म्हणजे त्याची वरात काढायची नाही, तमाशा करायचा नाही. भारतानं तर १९६० ला यासाठी स्वतःचा कायदाही केलाय. आता वकील म्हणतील की यादवीत हा सगळा करार लागू होत नाही, आणि ते खरंच आहे, देशांतर्गत लढाईला मुख्यतः कलम ३ लागू होतं, तिथं पकडलेल्याला 'युद्धकैदी' हा दर्जासुद्धा मिळत नाही, सरकार त्याच्यावर देशद्रोहाचा खटला भरू शकतं. पण त्या कलम ३ मध्येही लिहिलंय की हत्यार खाली ठेवलेल्या माणसाला माणुसकीनं वागवा, त्याच्या इभ्रतीवर घाला घालू नका, अपमानास्पद वागणूक देऊ नका. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच कायद्याचं पांघरूण सगळ्यात तोकडं.

त्याच करारात अजून एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. पकडला गेल्यावर लगेच, नाहीतर कॅम्पात पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला एक कार्ड लिहू द्यायचं, घरी आणि जिनिव्हाच्या मध्यवर्ती ऑफिसला, की मी जिवंत आहे, अमुक ठिकाणी आहे, तब्येत अशी आहे. आणि महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं. बघा ना, किती साधी गोष्ट. नाव, तब्येत, पत्ता, आणि ते फक्त घरच्यांना कळावं.

ही नाव घरी पोचवायची गोष्ट किती मोठी आहे याचं एक उदाहरण अमेरिकेच्या यादवीतलं आहे. तिथं दक्षिणेकडच्यांनी जॉर्जियात अँडरसनव्हिल नावाचा कैद्यांचा कॅम्प केला होता, १८६४ ला. उघड्या मैदानाला लाकडाचं कुंपण, ना छप्पर ना नीट पाणी. चौदा महिन्यांत ४५ हजाराच्या आसपास कैदी आले आणि जवळजवळ १३ हजार मेले, हगवणीनं, स्कर्व्हीनं, उपासमारीनं. तिथं डोरेन्स ॲटवॉटर नावाचा एक साधा घोडदळातला कैदी होता, विशीतसुद्धा नसेल. त्याचं अक्षर चांगलं म्हणून त्याला मेलेल्यांची यादी लिहायच्या कामावर बसवलं. त्यानं अधिकाऱ्यांसाठी एक यादी लिहिली आणि चोरून आपल्यासाठी दुसरी, नाव, पलटण, कशानं मेला, कबरीचा नंबर. सुटताना कपड्यात लपवून बाहेर काढली. १८६५ च्या उन्हाळ्यात जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या क्लारा बार्टन बाई त्याला घेऊन परत तिथं गेल्या आणि त्या यादीवरून कबरींवर नावं लागली. तेरा हजारात फक्त साडेचारशेच्या आसपास कबरी बेनाव राहिल्या. बाकी सगळ्या आयांना कळलं की आपला पोरगा कुठं आहे. एका कैद्यानं केलेलं काम आहे हे.

कोरियाकडं परत येतो. हिंद नगरच्या कैद्यांना ९० दिवस समजावून सांगायचं ठरलेलं. एक तंबू, आत त्यांच्या देशाचे अधिकारी बसलेले, आयोगाची माणसं समोर, कैदी आत यायचा, त्याला सांगायचे की बाबा घरी चल, काही करणार नाही तुला. ऐकून झालं की बाहेर जायला दोन दारं. एका दारानं गेला तर घरी, दुसऱ्यानं गेला तर नाही. आप्पांनी त्या तंबूबाहेर पण पहारा केलाय. म्हणायचे कोणी आत जाऊन शिव्या द्यायचा, थुंकायचा, कोणी गुपचूप दुसऱ्या दारानं जायचा, आणि एखादा दोन्ही दारांच्या मधे उभाच राहायचा. आप्पा हात करून दाखवायचे कसा उभा राहायचा ते. पण हे समजावणं भांडणात आणि अडथळ्यात इतकं अडकलं की २३ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा बहुतेक कैद्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. ज्याला एकट्याला विचारायचं म्हणून एवढं सगळं उभं केलं त्यातल्या बहुतेकांना एकट्याला कोणी विचारलंच नाही. यात आपल्या जवानांचा दोष नाही. पण झालं असं.

१९५४ चा जानेवारी. इकडं आपल्याकडं सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, आजी म्हणे आप्पाच्या नावानं नवस बोलून आली होती, आणि तिकडं २० जानेवारीपासून कैदी परत अमेरिकेच्या बाजूला सोडायला सुरुवात. चौदा हजारांवर चिनी तैवानला गेले. तिथं बँड वाजले, २३ जानेवारी हा त्यांच्या सुटकेचा दिवस म्हणून पाळायला लागले. आणि मग त्यातल्या बहुतेकांना पुन्हा फौजेत घातलं. चीनमधल्या घरी जायला तैवान सरकारनं परवानगी दिली ती १९८७ च्या नोव्हेंबरात. तेहतीस वर्षं. वीस वर्षांचा गेलेला पोरगा पन्नाशी ओलांडून गेला, दंडावरचं गोंदण काढून टाकून आईला भेटायला गेला, आणि किती जणांच्या आया तोपर्यंत राहिल्या असतील.

आणि जे चीनला परत गेले, सगळे मिळून सात हजाराच्या आसपास, त्यांना काय मिळालं? पकडला गेलास म्हणजे मेला का नाहीस, हा पहिला सवाल. पक्षातून काढलं, नोकरी नाही, सांस्कृतिक क्रांतीत तर गुप्तहेर म्हणून छळ. १९८० ला सरकारनं मान्य केलं की यांच्यावर अन्याय झाला. माझ्या आप्पांच्या पायाला मिठी मारणारा पोरगा यातच गेला असणार. कातडं खरवडून ज्या घरी गेला त्या घरानं त्याला पंचवीस-सव्वीस वर्षं संशयानं बघितलं असणार. हे मी आप्पांना कधी सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा आप्पा नव्हतेच.

८८ जणांनी दोन्ही दारं नाकारली आणि तिसऱ्या देशात जायचं म्हटलं. त्यांना आपले जवान परत येताना बोटीतून मद्रासला घेऊन आले. त्यातले बरेच पुढं ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. आणि उत्तरेनं ठेवून घेतलेले दक्षिणेचे हजारो सैनिक तर कधी सोडलेच नाहीत, खाणीत कामाला लावले. त्यातला एक, चो चांग-हो, १९९४ ला पळून दक्षिणेत आला, ४३ वर्षांनी. त्याला मेला समजून सरकारी यादीत नाव लावलेलं होतं.

आप्पा पेन्शनवर आल्यावर आम्ही सोलापुरात आलो, आप्पा एका मिलमध्ये वॉचमन झाले. भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं घर लागलं की सायकलवरून उतरायचे. मला म्हणायचे, "ह्या डाक्टरनी त्या पोराला तपासला असंल का रं?" मी शाळेत होतो, मला तेव्हाच हिशोब आला होता. कोटणीस १९३८ ला चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले, तेव्हा तो पोरगा नऊ-दहा वर्षांचा असणार, आणि चीन केवढा मोठा. शक्यच नव्हतं. पण मी म्हणायचो, असेल की आप्पा. कारण मला वाटतं त्यांना एवढंच वाटायचं की त्या पोराला आयुष्यात कधीतरी एखादा आपल्या गावचा चांगला माणूस भेटलेला असावा.

आज तिथं स्मारक आहे, चीनहून पाहुणे येतात, फुलं वाहतात, तुम्ही बातमी देता, चांगलं आहे, मीही गर्दीत उभा असतो. पण ज्या सैनिकांना कोटणीसांनी रात्र रात्र उभं राहून टाके घातले, तीच माणसं पुढं तीन-चार वर्षांत यादवीत लढली, मेली, पकडली गेली, त्यांच्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. आपल्या गावाचं त्यांच्याशी नातं आहे असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं जुनं झालं म्हणाल तर २०२४ चं बघा. म्यानमारची यादवी. जानेवारीत लौक्काई नावाच्या शहरात दोन हजारांवर सरकारी सैनिक एकदम बंडखोरांना शरण आले, बंडखोरांनी त्यांना सोडून दिले, आणि मग त्यांच्याच सरकारनं शरण आल्याबद्दल ब्रिगेडियर दर्जाच्या अधिकाऱ्यांना मृत्युदंड दिल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात पावणेतीनशेच्या आसपास म्यानमारी सैनिक जीव वाचवायला आपल्या मिझोरममध्ये आले आणि आपण त्यांना विमानानं परत त्यांच्या सरकारकडं पोचवलं. कायद्यानं बरोबर असेल. पण १९५३ ला ज्या देशानं सांगितलं की प्रत्येकाला वेगळं विचारा, त्या देशात यावेळी या विषयावर चर्चासुद्धा झाली नाही, आणि त्या पोरांचे रांगेतले फोटो मात्र सगळीकडं फिरले. त्यांच्यातही एखादा दोन दारांच्या मधे उभा राहणारा असेल ना.

म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. पकडलेल्या सैनिकाचा फोटो एजन्सीकडून येतो, सगळे छापतात, हे मला समजतं. पण तुम्ही चेहरा झाका. फोटो छापायचाच तर पाठमोरा छापा, नाहीतर हात बांधलेले, पाय, रिकामे बूट, काहीही, पण ओळख पटेल असं नको. आणि खाली नुसता आकडा नको, दोन ओळी जास्त लिहा, हे भरतीनं आलेत का धरून आणलेत, कोणाच्या ताब्यात आहेत, रेडक्रॉसला भेटू दिलंय का. ज्यांच्या बोटाखाली फॉरवर्डचं बटण आहे त्यांना पण सांगा. आमच्या ग्रुपवर मी लिहिलं तर दोघं म्हणाले काका एवढं काय त्यात, आपले थोडेच आहेत ते. मी त्यांना बरसातीची गोष्ट लिहून पाठवली. एकानं तरी व्हिडिओ डिलीट केला.

दुसरी विनंती. आपल्या जिल्ह्यातनं कोरियाला गेलेले अजून कोणी कोणी असतील, ते स्वतः तर आता राहिले नसतील, पण त्यांची मुलं-नातवंडं आहेत, माळ्यावर ट्रंका आहेत. तुम्ही एक आवाहन छापा. मी पहिला येतो.

आमच्या ट्रंकेत आप्पांचं विदेश सेवा मेडल आहे, त्याच्या रिबिनीवर कोरियाची पट्टी आहे, एक मफलर आहे आणि तीन फोटो आहेत. पहिल्यात आप्पा आणि चार जोडीदार हिंद नगरच्या पाटीखाली उभे आहेत, तो जरूर छापा. दुसऱ्यात बोटीचा डेक आहे. तिसरा कोणीतरी दुरून काढलेला आहे, तारेच्या पलीकडं सात कैदी रांगेत उभे आहेत, चेहरे अजूनही ओळखू येतील एवढे साफ आहेत. त्यांची पोरंबाळं आज चीनमध्ये असतील, तैवानात असतील. तो मी तुम्हाला ऑफिसात येऊन दाखवेन, तुम्ही बघा, पण छापायला देणार नाही.

आपला,
एक जुना वाचक (एका माजी सैनिकाचा मुलगा)
सोलापूर